अ‍ॅनिमोन वाढत का नाही? रीफ टँकमधल्या या चुका टाळा

अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा मऊ समुद्री प्राणी) रीफ टँकमध्ये, म्हणजे घरच्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीत, कित्येक महिने तेवढंच राहिलं की बहुतेकांचा हात आधी खाद्याच्या डब्याकडे जातो, आणि बहुतेक वेळा गाडी तिथेच रुळावरून घसरते. बबल टिपसारख्या अ‍ॅनिमोनला बरीचशी ऊर्जा त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाकडून मिळते. कोळंबीचा तुकडा ही वरची भर. शैवालच कमी झालं असेल तर नुसत्या कोळंबीने अ‍ॅनिमोन फार काळ तगत नाही. म्हणून तपास करताना आधी रंग, मग प्रकाश, मग पाणी आणि शेवटी खाद्य पाहावं.

मोजताना होणारी चूक

अ‍ॅनिमोन पाणी भरून फुगतं आणि पाणी सोडून आक्रसतं. सकाळी लिंबाएवढं दिसणारं तेच अ‍ॅनिमोन दुपारी बशीएवढं होतं. शिवाय प्रकाश कमी पडला की ते अधिकाधिक पसरतं, शुंडकं (तोंडाभोवतीचे लवचीक हात) लांब आणि बारीक होतात, आणि मालकाला वाटतं वाढ झाली! उलट भरपूर प्रकाशात निरोगी अ‍ॅनिमोन आटोपशीर आणि घट्ट राहतं. नुसत्या व्यासावरून काही ठरवू नका. आठवड्यातून एकदा, दिवे लागल्यावर साधारण तीन-चार तासांनी, त्याच कोनातून फोटो काढा. काचेतून पाय (चिकटून बसायचा तळ) दिसत असेल तर त्याची रुंदी मोजा. पायाचं माप फुगण्या-आक्रसण्याने कमी बदलतं, त्यामुळे खरी वाढ तिथे कळते.

जातही खात्रीने ओळखा. बबल टिप साधारण 30 सें.मी.पर्यंत जातं, मॅग्निफिका एक मीटरपर्यंत, तर मिनी कार्पेट काही सेंटिमीटरवरच थांबतं. मिनी कार्पेट वाढत नाही म्हणून दिवे बदलू नका.

पांढरं अ‍ॅनिमोन सुंदर नसतं, उपाशी असतं

दुकानात पांढरंशुभ्र, जांभळ्या टोकांचं अ‍ॅनिमोन सगळ्यात आधी नजरेत भरतं. पांढरं म्हणजे शैवाल गमावलेलं. गडद पिवळं किंवा भडक गुलाबी असेल तर ते रंगवलेलं असण्याची शक्यता धरा. निरोगी अ‍ॅनिमोनमध्ये तपकिरी, हिरवट किंवा तांबूस छटा खोलवर असते, तोंड मिटलेलं असतं, आणि शुंडकं खाद्याला चिकटतात. विकत घेताना पाय नक्की पाहा. दगडावरून ओरबाडताना फाटलेला पाय सहज भरत नाही.

पांढरं पडलेलं अ‍ॅनिमोन घरात असेलच, तर एकदम तीव्र प्रकाशात ठेवू नका. उरलंसुरलं शैवालही जातं. 80 ते 100 पारपासून (पार म्हणजे शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) सुरुवात करा आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वर न्या. बबल टिपला 150 ते 250 पार पुरतं. मॅग्निफिका आणि गिगॅन्टिया कार्पेटला त्याहून बरंच जास्त लागतं. पार मीटर महाग असतो, पण ओळखीतल्या रीफवाल्यांत मिळून एक घेतला तरी भागतं. मीटरशिवाय 'दिवा 60 टक्क्यांवर आहे' या वाक्याला काही अर्थ नाही, कारण दिवा किती उंचीवर आहे आणि पाणी किती खोल आहे यावर सगळं अवलंबून असतं. दिवे रोज 8 ते 10 तास आणि ठरलेल्या वेळी, टायमरवरच.

पाणी

खारटपणा 35 पीपीटी (हजारात 35 भाग), तापमान 25 ते 27 अंश, अल्कलिनिटी (आम्लता आवरून धरण्याची पाण्याची क्षमता) 8 ते 9 डीकेएच. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पण ते स्थिर ठेवणं जमत नाही. 200 लिटरच्या उघड्या टँकमधून कोकणातल्या किंवा मुंबईतल्या उन्हाळ्यात, पंखा लावलेला असेल तर, रोज 4 लिटर पाणी सहज उडतं. चार दिवस भर घातली नाही तर 16 लिटर कमी होतं आणि खारटपणा 35 वरून 38 वर जातो. पाचव्या दिवशी एकदम पाणी ओतलं की तो झपकन खाली येतो. अ‍ॅनिमोन या झोक्यात आक्रसून बसतं, आणि आक्रसलेल्या अंगावर प्रकाश कमी पडतो. ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावा, नाहीतर रोज ठरलेल्या वेळी भर घाला. एप्रिल-मेमध्ये खोलीच 32 अंशांवर असेल तर नुसत्या पंख्यावर विसंबू नका, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतो. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने नव्हे, 35 पीपीटीच्या द्रावणाने जुळवा.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी टँकला घालू नका. त्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) मुद्दाम वाढवलेला असतो, आणि हल्ली बऱ्याच मशिनांत तांब्याचं कार्ट्रिज असतं. तांबं माणसाला चालतं, अ‍ॅनिमोनला विषारी ठरतं. डीआय टप्प्यानंतर (आरओनंतर उरलेले क्षारही काढणारा टप्पा) टीडीएस शून्य दाखवणारं पाणीच घ्या. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरचं तांब्याचं औषधही मुख्य टँकमध्ये कधी टाकू नका. दगड आणि वाळू ते शोषून घेतात.

दुसरी चूक उलट बाजूची: पाणी अतिस्वच्छ करण्याचा ध्यास. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य दिसले की शैवालाला खतच उरत नाही आणि अ‍ॅनिमोन फिकं पडत जातं. नायट्रेट 5 ते 10, फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम ठेवा. जीएफओ (फॉस्फेट शोषणारं लोहयुक्त माध्यम) गरजेपुरतंच वापरा.

खाद्य

रंग, प्रकाश आणि पाणी ठीक असेल तर आता खाद्य. आठवड्यातून दोनदा, वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा. बाजारातली ताजी कोळंबी सोलून, मीठ न लावता आधी गोठवा, मग आरओ-डीआय पाण्यात धुऊन द्या. पांढरं पडलेल्या अ‍ॅनिमोनला मसूर डाळीच्या दाण्याएवढे तुकडे किंवा मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जिवांचं खाद्य), एक दिवसाआड. मोठा गोळा दिला तर एक-दोन दिवसांत तो चिकट लोंद्यासारखा बाहेर टाकलेला दिसतो. पचवण्यात गेलेली ऊर्जा वाया, आणि पाणीही खराब.

वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) दहा मिनिटं बंद करून चिमट्याने खाद्य द्या. टँकमधलं क्लीनर श्रिंप (माशांची सफाई करणारी जिवंत कोळंबी) तोंडातला तुकडा ओढून नेतं, म्हणून भोकं पाडलेली अर्धी बाटली वर उपडी ठेवा आणि तुकडा आत गेला की काढा. 'मी तर रोज खायला घालतो' म्हणणाऱ्या कित्येकांच्या घरी खाणारं श्रिंपच असतं.

क्लाउनफिश आणि विभाजन

त्यात मुक्काम करणारी योग्य आकाराची क्लाउनफिश अ‍ॅनिमोनच्या वाढीला मदत करते, कारण तिच्या विष्ठेतला आणि कल्ल्यांतून येणारा अमोनिया शैवालाला खत म्हणून मिळतो. पण 8 सें.मी.च्या अ‍ॅनिमोनमध्ये 'मरून क्लाउन' या जातीची भली मोठी मादी रात्रंदिवस घुसळत असेल तर ते उघडतच नाही. ते मोठं होईपर्यंत मधे जाळीची पेटी ठेवा.

बबल टिप उभं दुभंगून दोन होतं. एकाचे दोन, दोनाचे चार झाले की प्रत्येक छोटं दिसणारच, पण सगळ्यांचं मिळून वजन वाढलेलं असू शकतं. उथळ पाण्यातला, वसाहत करणारा प्रकार स्वभावतःच वारंवार विभागतो आणि लहान राहतो. खोल पाण्यातला एकटा राहणारा मोठा होतो. एकच मोठं हवं असेल तर पाणी बदलताना 10 टक्क्यांहून अधिक बदलू नका, खाद्याचे तुकडे लहान ठेवा, आणि नवं पिल्लू दुसऱ्या टँकमध्ये हलवा. नुकतंच कापलेलं अ‍ॅनिमोन 'बेबी' म्हणून मिळत असेल तर घेऊ नका. तोंड मधोमध येऊन जखम भरायला कित्येक आठवडे लागतात.

बसण्याची जागा त्याची त्यालाच निवडू द्या. बबल टिपला पाय लपेल अशी खोल कपार लागते. क्रिस्पा आणि हॅडोनी या जातींना वाळू, तीही 8 ते 10 सें.मी. जाडीची. हवी तशी जागा मिळाली नाही की अ‍ॅनिमोन भटकतं, आणि भटकताना वेव्हमेकरमध्ये जातं, म्हणून वेव्हमेकरच्या तोंडावर स्पंजची जाळी बसवा. एका वेळी एकच बदल करा आणि चार आठवडे पाहा. तोंड उघडं राहिलं, अंग विरघळू लागलं, वास आला, तर मात्र चार तासही थांबू नका. लगेच बाहेर काढा, फिल्टरमधला कार्बन बदला आणि अमोनिया तपासा.