ब्रिटनमधली जुनी छोटी पेन्शन एकरकमी हवी असेल तर

ब्रिटनमधल्या जुन्या नोकरीची वर्षाला चारपाचशे पौंडांची ठरावीक पेन्शन आहे? ती रोख काढता येईल अशा दुसऱ्या फंडात हलवायच्या खटाटोपात पडण्याआधी पेन्शन योजनेलाच विचारा: ‘ट्रिव्हियल कम्युटेशन’ (छोट्या पेन्शनऐवजी एकरकमी पैसे) देता का? वय 55 पूर्ण (6 एप्रिल 2028 पासून 57) आणि सगळ्या खासगी पेन्शन मिळून किंमत 30,000 पौंडांच्या आत असेल, तर योजना स्वतःच एकरकमी पैसे देऊ शकते. अर्थात, देण्याचं बंधन तिच्यावर नाही. पाव हिस्सा करमुक्त, बाकीच्यावर आयकर. तो बऱ्याचदा जास्तच कापला जातो. मग जादा कापलेला कर ब्रिटिश करखात्याचा पी53 फॉर्म भरून परत मागायचा. पेन्शन दुसऱ्या फंडात हलवायचीच झाली, तर तिची किंमत 30,000 पौंडांच्या वर असल्यास आर्थिक सल्लागार सक्तीचा, आणि त्याची फी काही थोडीथोडकी नसते. एनएचएसची (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची) पेन्शन मात्र अशा रोख काढायच्या फंडात हलवताच येत नाही.