‘३४०’चा अर्ज: कौटुंबिक न्यायालयात नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

शपथेवर खोटं बोललेल्या नवऱ्यावर किंवा बायकोवर अशिलाला स्वतः खाजगी फिर्याद, म्हणजे थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार, करता येत नाही. नव्या ज्युनिअरला हे पटायला वेळ लागतो. मारहाणीची, बदनामीची, फसवणुकीची खाजगी फिर्याद चालते, मग हीच का नाही? उत्तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९५ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१५ झालं. कोर्टात दिलेली खोटी साक्ष हा न्यायदानाविरुद्धचा गुन्हा धरला आहे, त्यामुळे त्याची दखल घ्यायला त्या कोर्टाची किंवा त्याच्या वरच्या कोर्टाची लेखी फिर्याद लागते. पोलीस ठाण्यात जाऊनही उपयोग नसतो, गुन्हा अदखलपात्र आहे. अशिलाच्या हातात उरतो तो कोर्टाला ‘तुम्ही फिर्याद करा’ असं विनवणारा अर्ज. फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ३४० खाली होता. नव्या संहितेत कलमाचा नंबर ३७९ आहे, पण बाररूममध्ये आजही सगळे त्याला ‘३४०’च म्हणतात.

नंबरांचा गोंधळ आधीच मिटवून घ्या. खोटं विधान जुलै २०२४ पूर्वीचं असेल तर गुन्ह्याचं कलम भारतीय दंड संहितेचं, म्हणजे १९३. नंतरचं असेल तर भारतीय न्याय संहितेचं २२९. न्यायालयीन कार्यवाहीतल्या खोट्या साक्षीला दोन्हीकडे सात वर्षांपर्यंत कैद आहे. हा सात वर्षांचा आकडा अशिलाने कुठेतरी वाचलेला असतो आणि तो त्याच्या डोक्यात घर करून बसलेला असतो. तुमचं पहिलं काम तो आकडा बाजूला ठेवून फाईल वाचणं.

फाईलमध्ये काय शोधायचं? अशिलाला जे जे खटकतं ते सगळं त्याच्या दृष्टीने खोटं असतं. ‘सासूने मला नीट वागवलं नाही’ हे खोटं ठरवता येत नाही, तो अनुभव आहे, मत आहे. ‘माझ्या माहितीप्रमाणे त्यांचा पगार दोन लाख आहे’ आणि पगार निघाला ऐंशी हजार, तर तो अंदाज चुकला, एवढंच. वकिलाने युक्तिवादात मारलेली फेक तर शपथेवर नसतेच. उरतात ती विधानं जी शपथेवर आहेत, ठाम आहेत, आणि करणाऱ्याला तेव्हाच खोटी असल्याचं माहीत होतं. ‘मी कुठेही नोकरी करत नाही’ आणि त्याच महिन्यात भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात मालकाचा भरणा. ‘माझ्या नावावर शेतजमीन नाही’ आणि सातबाऱ्यावर नाव. इथे तारीखच सगळं ठरवते. शपथपत्र मार्चमध्ये आणि नोकरी मेमध्ये लागली असेल तर खोटी साक्ष झाली नाही. नंतर बदल कळवला नाही, हा वेगळा मुद्दा. अशील तारखा सांगत नाही, कागदावरून तुम्हीच काढायच्या.

आता जरा अवघड गोष्ट. समोरच्याचं खोटं काढण्याआधी आपल्या अशिलाचं शपथपत्र काढून वाचा. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्याघेण्याचं सविस्तर शपथपत्र देणं बंधनकारक केलं. त्यातलं विधान खोटं निघालं तर ३४० खाली कारवाईचा विचार होऊ शकतो, हेही तिथेच लिहिलं आहे. तो नमुना लांबलचक आहे, आणि बरेच पक्षकार तो न वाचता सही करतात. मुदत ठेवी, आईबरोबरचं जॉइंट खातं, शेअर, विम्याच्या पॉलिसी हमखास गळतात. तुम्ही ३४० टाकला की उत्तरात तुमच्या अशिलाविरुद्ध ३४० येतो. मग न्यायाधीशांसमोर एकमेकांना खोटारडं म्हणणारे दोघं उभे राहतात आणि मूळ पोटगीचा अर्ज मात्र बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या यादीत, खाली सरकत जातो. पोटगी मागणाऱ्या बाजूचे तुम्ही असाल तर हा उशीर तुमच्याच अशिलाच्या खिशातून जातो.

पुरावा मिळवण्याच्या घाईत बरेच जण घसरतात. बँकेतल्या ओळखीच्या माणसाकडून काढलेलं स्टेटमेंट, नवऱ्याच्या मोबाईलमधून चोरून घेतलेले स्क्रीनशॉट असले कागद ३४०च्या अर्जाला जोडू नका. बँकेला किंवा कंपनीला कागद हजर करण्यासाठी कोर्टाकडून समन्स काढून घ्या. वेळ लागतो, पण कागद स्वच्छ येतो. इलेक्ट्रॉनिक नोंद असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, जुन्या कायद्यात ते ६५ब होतं. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १४ मुळे पुराव्याचे नियम तिथे सैल आहेत खरे. पण फिर्याद पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाते, तिथे ती सवलत नसते.

कागद हातात आला की लगेच अर्ज टाकायचा मोह आवरा. उलटतपासणीत तो साक्षीदारासमोर ठेवा. आधी मूळ विधान कबूल करून घ्या, शपथपत्रावरची सही कबूल करून घ्या, मजकूर वाचून सही केली हे घ्या, आणि मगच पासबुक दाखवा. ‘वकिलांनी लिहिलं, मी वाचलं नव्हतं’ ही पळवाट अशीच बुजते. सिनिअर उलटतपासणी घेत असतील तर शेजारी बसून प्रश्नांचा हा क्रम टिपून घ्या. या कामात त्याहून मोठं शिक्षण नाही.

अर्जात राग उतरवू नका. खोटं विधान कोणत्या निशाणीवर (कोर्टाने कागदाला दिलेल्या क्रमांकावर), कोणत्या परिच्छेदात, कोणत्या तारखेचं. त्याला छेद देणारा कागद कोणता. विधान करताना ते खोटं असल्याचं त्याला माहीत होतं हे कशावरून. आणि त्या विधानामुळे कोर्टाच्या आदेशावर काय परिणाम झाला. एवढं आलं तर दोन पानं पुरतात. मागणीत ‘शिक्षा करावी’ असं लिहिलेलं पाहिलं की माझ्या कपाळावर आठी येते. मागणी असते ती आवश्यक तर प्राथमिक चौकशी करून निष्कर्ष नोंदवण्याची आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे लेखी फिर्याद पाठवण्याची.

खोटं सिद्ध दिसलं तरी फिर्याद होईलच असं नाही. कलमातच ‘न्यायहितासाठी इष्ट’ अशी अट आहे. छाजू राम विरुद्ध राधेश्याम (१९७१) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खोटं जाणूनबुजून असावं आणि दोषसिद्धीची वाजवी शक्यता दिसावी. इक्बालसिंग मारवाह (२००५) या पाच न्यायमूर्तींच्या निकालाने न्यायदानावर किती परिणाम झाला हे तोलायला सांगितलं. त्याच निकालाची दुसरी बाजूही वाचा: घरी बनवून मग कोर्टात दाखल केलेल्या बनावट दस्तऐवजाला, उदाहरणार्थ खोट्या पगारपत्रकाला, कलम १९५ ची दस्तऐवजांबाबतची आडकाठी लागत नाही. त्या बनावटीच्या गुन्ह्यासाठी खाजगी फिर्यादीचा रस्ता मोकळा राहतो. आणि जसबीर सिंग (२०२२) मध्ये तीन न्यायमूर्तींनी ठरवलं की प्राथमिक चौकशी सक्तीची नाही, आणि ज्याच्यावर फिर्याद व्हायची त्याला आधी ऐकणंही सक्तीचं नाही. प्रत्यक्षात कौटुंबिक न्यायालयात समोरच्याचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, बहुधा घेतलाच जातो.

बऱ्याचदा ‘मूळ प्रकरणासोबत ऐकू’ असा आदेश होतो. अशील चिडतो. मला यात फार तोटा दिसत नाही. अंतिम निकालात त्या विधानावर कोर्टाने ‘खोटं’ असा स्पष्ट निष्कर्ष लिहिला, तर ३४० चं निम्मं काम तिथेच होतं. पोटगीचा आकडाही त्यावर हलतो. अर्ज फेटाळला किंवा फिर्याद झाली, दोन्ही आदेशांवर अपील आहे, कौटुंबिक न्यायालयाच्या बाबतीत ते उच्च न्यायालयात.

अजून एक गोष्ट अशिलाला पहिल्याच भेटीत सांगा. फिर्याद गेली की फिर्यादी कोर्ट असतं, अशील फक्त साक्षीदार. पुढे परस्पर संमतीने घटस्फोट ठरला आणि संमती अटींत ‘एकमेकांविरुद्धच्या सर्व केसेस मागे घेऊ’ असं लिहिलं, तरी ही फिर्याद त्यांच्या हातात नसते. अर्ज प्रलंबित असेपर्यंत ‘चालवायचा नाही’ अशी पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देता येते, तीही कोर्ट स्वतःहून पुढे जायचं ठरवणार नाही या भरवशावर. म्हणून समुपदेशकांकडे तडजोडीची बोलणी चालू असतील आणि लेकरांच्या भेटीचं वेळापत्रक ठरत असेल, तर मी अर्ज तयार करून फाईलमध्ये ठेवते आणि बोलणी फिसकटेपर्यंत दाखल करत नाही.