उंदीर परत येतात ते या चुकांमुळे

गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत पेस्ट कंट्रोलवाल्याला बहुधा ‘औषध टाकून जा’ एवढेच सांगितले जाते, आणि महिनाभरात ओट्याखाली पुन्हा लेंड्या दिसल्या की दोष औषधाला दिला जातो. वास्तविक घरात नेमके कोण शिरले आहे, हेच कोणी पाहिलेले नसते. जिऱ्याएवढ्या टोकदार लेंड्या लहान उंदराच्या. दुपटी-तिपटीने मोठ्या असतील तर पाइपांवरून चढणारा मोठा उंदीर. आणि घरगल्लीत, म्हणजे दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात, बिळाच्या तोंडाशी मातीचे ढिगारे दिसले तर घूस. भिंतीच्या कडेने चूं चूं करत पळणारी उग्र वासाची चिचुंद्री तर उंदरांच्या कुळातलीच नव्हे. ती झुरळे-किडे खाते, त्यामुळे तिच्यासाठी औषध घातलेल्या धान्याच्या वड्या ठेवणे म्हणजे निव्वळ पैशांचा अपव्यय.

मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिल्या काही रात्री आमिषाला तोंड लागले नाही तरी डब्याची जागा बदलू नये. लहान उंदीर चौकस, पण बिळापासून फार लांब न जाणारा; त्याच्यासाठी थोडेथोडे आमिष भिंतीलगत अनेक ठिकाणी हवे. आमिषातले ब्रोमॅडिओलोन हे उंदीरनाशक रक्त गोठू देत नाही आणि त्याचा परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. एवढाही धीर न धरता काही जण दुसऱ्याच दिवशी बाजारातले झिंक फॉस्फाइड हे झटपट मारणारे विष आणून टाकतात. ते जेमतेम चाखून आजारी पडलेला आणि वाचलेला उंदीर त्या आमिषाकडे पुन्हा फिरकत नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नये, कारण ती माणसाच्या पोटात गेल्यास यकृत निकामी होऊ शकते आणि तिच्यावर उतारा नाही. औषध खाल्लेला उंदीर पाणी शोधत बाहेर जाऊन मरतो, हाही गोड गैरसमजच. तो फॉल्स सीलिंगमध्येही मरतो आणि आठवडाभर घराला वास लावतो.

सर्वांत महागात पडते ते भोकाकडे केलेले दुर्लक्ष. सिंकखालचा पाइप भिंतीत शिरतो तिथे टॉर्च धरून पाहावे: फटीत कोंबलेली चिंधी, तिच्या कुरतडलेल्या कडा आणि भिंतीवर अंग घासून पडलेला तेलकट काळा पट्टा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर सहज येतो. तिथे चिंधी, थर्माकोल किंवा फोम टिकत नाही; तारेची जाळी ठासून वर काचेचा चुरा घातलेले सिमेंट लावावे, मात्र आमिष खाल्ले जाणे थांबल्यावरच, नाहीतर उंदीर आतच अडकतो. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. हातमोजे घालून, जंतुनाशकाने भिजवून पुसाव्यात.

कंत्राट देताना 1968च्या कीटकनाशक कायद्याखालील परवाना पाहावा, आणि शक्यतो पूर्ण विंगचे काम एकदम करून घ्यावे, कारण एकाच घरातून हाकललेले उंदीर डक्टमधून शेजारी जातात. बुजवलेल्या जागेपाशी रात्री टाल्कम पावडर भुरभुरावी, आणि तीन-चार सकाळी तिच्यावर पावले उमटली नाहीत, तरच पेस्ट कंट्रोलवाल्याचे उरलेले पैसे द्यावेत.