पूर्ण मनाने उपासना करायची म्हणजे नेमकं काय करायचं

गीत गाताना डोळे भरून आले की उपासना झाली, कोरडे राहिले की आपल्यातच काही खोट आहे, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. गायनवृंदात उभी राहायचे, वरचा सूर लागला की अंगावर काटा यायचा. आणि त्याच मंडळीत बसलेल्या सख्ख्या भावाशी मी सात महिने बोलत नव्हते.

पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवावर पूर्ण मनाने, जिवाने आणि शक्तीने प्रीती करायला सांगितलंय. मार्काच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, येशू तीच आज्ञा सांगताना त्यात बुद्धीही घालतो. इब्री भाषेत ‘मन’ हे नुसत्या भावनेचं घर नाही. विचार करणं, ठरवणं, हवं-नको म्हणणं, सगळं तिथेच होतं. म्हणून पूर्ण मन म्हणजे उचंबळलेलं मन नव्हे, न विभागलेलं मन. शहाऐंशीव्या स्तोत्रात दावीद मागतो, माझे चित्त एकाग्र कर. आपण होऊन ते जमत नाही म्हणूनच मागतो. सुरुवात याच एका ओळीने करा, आणि ती मोठ्याने म्हणा.

तयारी शनिवारी रात्री सुरू होते. दुसऱ्या दिवशीचा शास्त्रपाठ माहीत असेल तर तो दोनदा वाचा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि झोपा. उपासनेला दहा मिनिटं आधी पोचा. मी एक कागद जवळ ठेवते. डोक्यात जे घोळतंय ते त्यावर लिहिते: राहिलेलं बिल, मुलीचा निकाल, कुणाचं तरी टोचून बोलणं. मग तो कागद घडी करून पवित्र शास्त्रात ठेवते आणि म्हणते, प्रभू, हेही तुझ्यापुढे आणलंय. काळजी दाबून ठेवली की ती प्रवचनाच्या मध्यावर हमखास वर येते.

आता भावाचं सांगते. आईच्या आजारपणात मी त्याला सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले होते, ‘तू फक्त हिशेब विचारायला येतोस.’ मग एका रविवारी उपासनेत मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला गेला. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तोवर मी ते वचन उलटं वाचत आले होते. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, हे तिथे विचारलेलंच नाही. दादा दोन बाकं पुढे बसला होता. त्याच्या कॉलरची शिवण मागून उसवलेली मला दिसत होती. पुढचं गीत सुरू झालं तेव्हा मी उठले, त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, ‘दादा, मी तसं बोलायला नको होतं.’ तो पुढेच बघत म्हणाला, ‘नंतर बोलू.’ बोललो. एका बैठकीत मिटलं नाही, पण त्या दिवशी प्रभुभोजन घेताना मला कुणापासून नजर चोरावी लागली नाही. (ज्याने तुमच्यावर अत्याचार केला त्याच्या दारात एकटीने जा, असं मी कुणालाही सांगणार नाही. तिथे आधी भरवशाच्या माणसाला सोबत घ्या.)

गाताना शब्दांकडे लक्ष द्या. जी ओळ आज मनापासून म्हणता येत नाही, तिथे थांबा आणि तीच प्रार्थना म्हणून मागा. गुडघे टेकता येत असतील तर टेका. नव्या करारात उपासनेसाठी येणाऱ्या एका ग्रीक शब्दाचा अर्थच नमन करणं, पाया पडणं असा आहे. शरीर वाकलं की मन कधीकधी मागोमाग येतं.

आणि दुःख बाहेर ठेवून येऊ नका. दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत. तेरावं ‘किती वेळ?’ असंच विचारत सुरू होतं, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही. आई गेल्यावर स्तुतीची गीतं माझ्या घशाबाहेर येईनात. तेव्हा मी रोज अठ्ठ्याऐंशीवं वाचायचे. तीही उपासनाच होती, हे मला आमच्या पाळकांनी सांगितलं तेव्हा कुठे पटलं.

अर्पणाबद्दल थोडंच. दावीद राजाला वेदी बांधायची होती. खळ्याचा मालक अरवना याने खळं आणि बैल फुकट देऊ केले, तेव्हा दाविदाने नकार दिला आणि 50 शेकेल चांदी मोजली. फुकटातलं देवाला वाहणार नाही, म्हणाला. पैसा असो की वेळ, उरलंसुरलं देऊ नका.

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल आपली शरीरंच जिवंत यज्ञ म्हणून द्यायला सांगतो, म्हणजे सोमवारही त्यात आला. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे मठवासी स्वयंपाकघरात राबायचे, पुढे चपला दुरुस्त करायचे, आणि ते करतानाच देवाशी बोलायचे. मी सकाळी भांडी घासायला घेते तेव्हा पहिल्या भांड्याला तीच ओळ म्हणते, माझे चित्त एकाग्र कर. तिसऱ्या भांड्यापर्यंत मन भटकलेलं असतं. मग चौथ्याला पुन्हा म्हणते.