एनडीएचा फॉर्म भरण्याआधी

घरात एनडीएचं, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं नाव निघालं की पहिला फोन परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीला जातो. फी किती, हॉस्टेल आहे का, हप्ते चालतील का. तो फोन सगळ्यात शेवटी करा. आधी जन्मतारीख बघा. एनडीएचं खडकवासल्याला प्रशिक्षण सुरू होतं तेव्हा वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या आत लागतं आणि यूपीएससी तिची प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा घेते. कॅलेंडर समोर ठेवून आपल्याला किती संधी उरल्यात ते मोजा. मुलगा दहावीत असेल तर छत्रपती संभाजीनगरची एसपीआय (सैन्यसेवापूर्व शिक्षण संस्था) आणि मुलींसाठी नाशिकची, या राज्य सरकारच्या संस्था डोळ्यासमोर ठेवा. तिथे अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी होते. अर्ज मात्र दहावीच्या वर्षातच करावा लागतो. निकालानंतर जागे होणारे पालक दरवर्षी भेटतात.

वय निघून गेलं असेल तर रडत बसू नका, पदवी करा. सीडीएस या यूपीएससीच्याच परीक्षेतून भूदलाचे अधिकारी घडवणारी डेहराडूनची आयएमए किंवा चेन्नईची ओटीए गाठता येते, हवाई दलासाठी एएफकॅट ही वेगळी परीक्षा आहे. ओटीएतून शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळतं, म्हणजे नोकरी दहा वर्षं, वाढवून चौदा. हे घरच्यांना आत्ताच समजावून सांगा.

मग शाखा. भूदलाला बारावी कुठल्याही शाखेची चालते. नौदल-हवाई दलाला भौतिक, रसायन, गणित हवंच. पण लेखी परीक्षेत 900 पैकी 300 गुण गणिताचे असतात आणि तो पेपर सगळ्यांना सारखाच. त्यामुळे ‘आर्ट्स घेतलं, गणित सुटलं’ हा हिशेब इथे चालत नाही.

आता शरीर, अकॅडमीची पावती फाडायच्या आधी. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ठिपक्यांतले आकडे वाचायची रंगांची चाचणी करून घ्या. रंग ओळखण्यात दोष निघाला तर वैमानिक होण्याचा रस्ता तिथेच बंद होतो. ओला पाय फरशीवर ठेवून ठसा बघा. आतल्या बाजूला कमानीची मोकळी जागा अजिबात दिसत नसेल, पूर्ण तळवा टेकत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सरळ उभं राहून गुडघे एकमेकांवर घासतात का तेही पाहा. कानातला मळ, किडलेले दात, वाढलेलं वजन या गोष्टी दुरुस्त होतात, फक्त वेळेत करा. मित्रांच्या नादाने हातावर टॅटू मात्र काढू नका.

लेखी परीक्षेनंतरच्या एसएसबीला, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखतीला, पाच दिवस लागतात आणि त्याचेही 900 गुण. पाठ केलेली उत्तरं तिथे पहिल्या दुपारीच उघडी पडतात. तिथे गेल्यावर स्वतःच्या माहितीचा एक फॉर्म भरून घेतात. घर, गाव, आईवडिलांचा व्यवसाय, गुण, खेळ. मुलाखतीतले बरेच प्रश्न त्यातूनच निघतात. म्हणून वडिलांच्या रानात या हंगामात काय होतं, एकरी खर्च किती आला, तालुक्याला पाणी कुठल्या धरणाचं, हे माहीत करून घ्या. जगाच्या राजकारणावर बोलणारा मुलगा घरच्या सोयाबीनच्या भावावर गप्प बसला, तर समोरच्या अधिकाऱ्याने काय समजायचं? मराठी माध्यमातल्यांनी रोज तीन मिनिटं एका विषयावर मोठ्याने इंग्रजीत बोलावं. व्याकरण चुकलं तरी चालेल, थांबू नका.

कागदपत्रांत आपल्याकडे हमखास अडतं ते नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावात कुठे ‘राव’ आहे तर कुठे नाही. यूपीएससीच्या अर्जात दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच नाव लिहा, आणि आधारमधली दुरुस्ती उन्हाळ्याच्या सुट्टीतच उरका.

बाकी सीईटीचा फॉर्मही भरून ठेवा, आणि कोणती अकॅडमी ते त्यानंतर निवांत बघा. तिथे गेल्यावर भिंतीवरचे फोटो कमी बघा. मैदान किती मोठं आहे आणि गणित कोण शिकवतं ते विचारा.