फोटोत जळणारा कापूस असा सावरला

फुटलेल्या बोंडाचा फोटो काढला की कापसाच्या जागी नुसता पांढरा डाग यायचा. कारण आपली काळी माती. चौकटीत काळं रान जास्त असलं की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर दृश्य अंधारं समजून उजेड वाढवतं आणि कापूस जळतो, म्हणजे तंतू न दिसता नुसता पांढरा होतो.

म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे ०.७ ते उणे १ ठेवतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला अंधार-उजेड डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख, उजव्या कडेला आदळता कामा नये. स्वच्छ उन्हात सुरुवात आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर १/५०० सेकंद अशी. मोबाईल असेल तर बोंडावर टॅप करून सूर्याचं चिन्ह खाली ओढा.

वेळ मात्र सेटिंगपेक्षा मोठी. भर दुपारी ऊन डोक्यावरून पडतं, कापूस सपाट दिसतो. दव सुकून वेचणी लागते तेव्हाचं तिरपं ऊन बाजूने घ्या. तंतू अन् तंतू सुटा दिसतो, त्यात अडकलेला वाळल्या पानाचा चुरासुद्धा.

फाईल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ, हवी. एडिटिंगमध्ये हायलाइट्स (उजळ भाग) उणे ४०च्या आसपास, शॅडोज (गडद भाग) थोडे वर. हायलाइट्स फार ओढले तर कापूस राखाडी, मळका दिसतो. पूर्ण जळालेला भाग कशानेच परत येत नाही.

आणि शेतात लेन्स बदलू नका. सेन्सरवर, म्हणजे आतल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, धूळ बसलीच तर ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) वापरा, तोंडाने फुंकू नका. थुंकीचे डाग धुळीपेक्षा चिवट असतात.