शाळेतली दादागिरी थांबवताना या चुका टाळा

जून-जुलैत नवे वर्ग बसले की पहिल्या पालकसभेच्या आधीच तक्रारी यायला लागतात. डबा खाऊन टाकतात, दप्तर लपवतात, नावं ठेवतात, व्हॅनमध्ये बसायला जागा देत नाहीत. बहुतेक तक्रारी खऱ्या असतात. पण त्यावर शाळेत आणि घरी जे उपाय केले जातात ते पाहून जीव तुटतो, कारण काही उपायांनी त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. मी वर्गशिक्षिका आहे, शाळेत समुपदेशनाचं कामही बघते, आणि त्याच त्या चुका वर्षानुवर्षं पाहते आहे.

भांडण आणि छळ यांना एकच औषध देणं

बाकीच्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात. दोन मुलं कॅरमच्या सोंगटीवरून भांडली, एकमेकांची कॉलर धरली, तर ते भांडण. तीच चार मुलं रोज एकाच मुलाला गाठत असतील तर तो छळ. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी 1970 च्या दशकापासून या विषयाचा अभ्यास केला. त्यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिला जातो, तो पुन्हापुन्हा होतो, आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. 1982 च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी जीव दिल्यावर पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने देशभरातल्या शाळांसाठी मोहीम सुरू केली आणि ओल्व्हेउस यांचं काम तिच्या मुळाशी होतं.

या तीन खुणांतली तिसरी आपल्याकडे हमखास विसरली जाते. बळ म्हणजे फक्त अंगातली ताकद नव्हे. एकाच्या मागे सगळा घोळका असतो, एकाचे वडील गावात वजनदार असतात, एक मुलगा नुकताच दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला असतो आणि त्याच्या बोलीला सगळे हसतात. जातीवरून हाक मारणं तर सरळसरळ छळच. त्याला ‘मस्करी’ म्हणणारे शिक्षक मला अजून भेटतात आणि त्यांच्याशी मी तिथल्या तिथे वाद घालते.

‘चला, हात मिळवा आणि विषय संपवा’

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका तालुक्याच्या गावातल्या शाळेत सहावीतल्या मुलाला वर्गातली चार मुलं वर्षभर त्रास देत होती. वडिलांचा इस्त्रीचा व्यवसाय, त्यावरून रोज टोमणे. डबा उघडून वास घ्यायचा, तोंड वेंगाडायचं आणि झाकण लावून परत द्यायचं. आईने तक्रार केली. शाळेने पाचही मुलांना एकत्र बोलावलं, ‘तुम्ही सगळे मित्र आहात ना?’ असं विचारलं, एकमेकांना मिठी मारायला लावली, फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. सगळं दहा मिनिटांत उरकलं.

दुसऱ्या दिवसापासून वर्गातला त्रास बंद झाला आणि व्हॅनमधला सुरू झाला, कारण व्हॅनमध्ये कोणी शिक्षक नसतो. शिवाय आता ‘चुगलखोर’ हे नवं नाव त्याला मिळालं. शौचालयापाशी ती मुलं उभी असायची, म्हणून त्याने शाळेत पाणी प्यायचंच सोडलं. पोट दुखतं म्हणून डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे आईला अंदाज आला. पण या वेळी तो काही बोलेना. एकदा सांगून पाहिलं होतं आणि त्याचं काय झालं ते त्याला माहीत होतं. अखेर दिवाळीनंतर त्याने आमच्या शाळेत प्रवेश घेतला. आमच्याकडे कबड्डीचा सामना संपला की सर दोन्ही संघांना हात मिळवायला सांगतात. हा मुलगा कितीतरी महिने त्या वेळी हात पाठीमागे धरून उभा राहायचा.

समेटाला माझा विरोध नाही. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावच्या समित्यांनी सामोपचाराने किती तरी वाद मिटवले. पण बांधाच्या वादात दोघांच्याही हातात सातबारा असतो. छळ होणाऱ्या मुलाच्या हातात काहीच नसतं. त्याला समोरासमोर बसवून ‘तूही थोडं समजून घे’ म्हटलं की त्रास देणाऱ्याला कळतं, मोठी माणसं आपल्याच बाजूची आहेत.

माझी पद्धत अशी. त्रास झालेल्या मुलाशी आधी, एकटीने बोलायचं. टेबलाच्या पलीकडून नाही, शेजारी बसून. ‘तू काय केलंस?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. कुठे होतं, कधी होतं, तेव्हा आजूबाजूला कोण असतं, एवढंच विचारायचं. मग त्रास देणाऱ्यांशी एकेकट्याने, लागोपाठ, त्यांना आपापसात ठरवायला वेळ मिळण्याआधी. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात तयार झालेल्या ‘किवा’ या शालेय कार्यक्रमातही आधी त्रास झालेल्या मुलाशी आणि मग त्रास देणाऱ्यांशी वेगवेगळं बोलतात, आणि काही दिवसांनी पुन्हा भेटून खरंच थांबलं का ते तपासतात. ही पुन्हा भेटायची पायरी आपल्याकडे सगळे गाळतात. मी वहीच्या कोपऱ्यात पुढच्या आठवड्याची तारीख तेव्हाच टाकून ठेवते.

आणि माफी? ती मागायला लावायची नाही. मुलाला खरंच वाटेल तेव्हा तो मागेल, नाही मागितली तरी चालेल. त्रास थांबला पाहिजे.

‘तूही दे दोन ठेवून’

हा घरचा सल्ला. बहुतेक वेळा वडील, काका किंवा आजोबा देतात आणि त्यामागे पोटच्या पोराची काळजीच असते. पण घोळक्यासमोर एकटं मूल दोन ठेवून देऊ शकत असतं तर त्याने आधीच दिल्या असत्या. मी पाहिलेल्या एका प्रकरणात मुलाने घरचं ऐकलं. हाताला जे लागलं ते उचललं, आणि ते होतं कंपासपेटीतलं कर्कटक. टोक समोरच्याच्या भुवईवर लागलं. डोळा थोडक्यात वाचला. त्या क्षणापासून शाळेच्या दृष्टीने, पोलिसांच्या दृष्टीने, सगळ्या गावाच्या दृष्टीने गुन्हेगार हाच. आधीचं वर्षभर त्याला जे सोसावं लागलं त्याची कुठे एका ओळीची नोंद नव्हती.

म्हणून पालकांना मी पहिल्या भेटीतच सांगते, नोंदींची वही ठेवा. तारीख, जागा, काय झालं, कोण होतं. मूल सांगेल त्याच शब्दांत, आपली मतं न घालता. शाळेला तक्रार द्यायची ती लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या. तोंडी तक्रार महिन्याभरात कोणाला आठवत नाही. लेखी तक्रार केली तर शाळा मुलावर डूख धरेल अशी भीती पालकांना वाटते. ती भीती मला समजते, तरीही लेखीच द्या.

मुलाला शिकवायचंच असेल तर मोठ्या आवाजात ‘थांब’ म्हणून तिथून निघून जायला शिकवा, आणि कोणत्या मोठ्या माणसाकडे जायचं ते नावानिशी ठरवून द्या.

बघणाऱ्यांना विसरणं

त्रास देणारा एक, सोसणारा एक, आणि भोवती पंधरा जण. आपण पहिल्या दोघांशी बोलतो आणि पंधरांना घरी पाठवतो. कॅनडात टोरोंटोच्या शाळांच्या मैदानांवर मुलांचं चित्रीकरण करून अभ्यास झाला, तो 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. बघणाऱ्या मुलांपैकी कोणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांच्या आत त्रास थांबला. पण मध्ये पडणारे फार थोडे होते.

मुलांना थेट ‘अडवा’ म्हणायला मी कचरते, ते प्रत्येकाला झेपत नाही. ‘हसू नका’ एवढं मात्र प्रत्येकाला जमतं. वर्गातल्या दोन-तीन शहाण्या, इतर मुलं ज्यांचं ऐकतात अशा मुलांना बाजूला घेऊन सांगते, मधल्या सुट्टीत डबा खायला त्याच्या बाकावर बसा. आणि भर वर्गात ‘मला हे कोणी सांगितलं माहितीये?’ असं कधीही म्हणू नका. त्यानंतर वर्षभर तुमच्याकडे कोणी येणार नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

त्रास देणाऱ्याला वर्गासमोर छडी मारणं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. शिवाय बलवानाने मारायचं असतं हाच धडा त्याला पुन्हा मिळतो.

तक्रारपेटी ऑफिसच्या दारात, सगळ्यांच्या नजरेसमोर लावणं. ती जिन्याच्या वळणावर लावा आणि ठरलेल्या दिवशी उघडा. ऑगस्ट 2024 मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर राज्य सरकारने तक्रारपेटी, सीसीटीव्ही आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीबाबत शाळांना पुन्हा बजावलं. समिती कागदावरच असेल तर पालकसभेत तिच्या सदस्यांची नावं विचारा.

ऑनलाइन त्रास कळल्यावर रागाने मुलाचा मोबाइल काढून घेणं किंवा मेसेज पुसून टाकणं. आधी स्क्रीनशॉट घ्या. आणि मोबाइल जाणार हे माहीत असलेलं मूल पुढच्या वेळी सांगतच नाही.

एक दिवस शपथ, फलक, प्रभातफेरी आणि बाकी वर्षभर काही नाही.

खऱ्या भांडणातली घाई

बरोबरीच्या दोघांचं भांडण असेल तर मात्र समोरासमोर बसवावं. फक्त तापलेलं असताना बसवू नका. मी मधली सुट्टी जाऊ देते, पाणी पिऊन यायला सांगते. मग एकाने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. त्यानंतर दुसऱ्याने आपलं म्हणणं मांडण्याआधी पहिल्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि पहिला ‘हो, हेच’ म्हणाला तरच पुढे जायचं. इथे नवीन शिक्षकांचा धीर सुटतो, ते निकाल देऊन मोकळे होतात. निकाल देऊ नका. तोडगा मुलांनी काढायचा, त्यांच्याच अक्षरात लिहायचा, आणि आठवड्याने तो कागद काढून दोघांना विचारायचं.

शाळेच्या आवाक्याबाहेरचं शाळेतच मिटवणं

लैंगिक स्पर्श, तसले फोटो, कपडे काढायला लावणं असं काही असेल तर समेटाचा प्रश्नच येत नाही. 2012 च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ‘शाळेचं नाव खराब होईल’ हे कारण तिथे चालत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098, ऑनलाइन फसवणूक झाली तर 1930, कॉलेजमधल्या रॅगिंगसाठी 1800-180-5522. मूल जगण्याबद्दल निराशेचं बोलत असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416, आणि त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका.